गोटाखालचे टाके

३ फेब्रुवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. काजेवालीने दारातून घेतलं आणि म्हणाली, “मोठ्या बाई, हे धाकट्या बाईंचं अक्षर.” मग ते माझ्यापुढे ठेवून चहाच्या निमित्ताने मागच्या खोलीत निघून गेली. काजेवाली तुला आठवत असेल, वीस वर्षं आपल्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करतेय. अजून तशीच आहे, तोंडाने फाटकी आणि हाताने नेटकी.

आत दुपटं, आणि वर तुझी चिठ्ठी. ‘गोट फाटला आहे, बदलून हवा. आईच्या टिपांना हात लावू नये. लेकीचे दिवस मार्चच्या मध्याला भरतात, त्याआधी पाठवावे.’ खाली सही. वर ‘ताई’ नाही आणि खाली ‘तुझी’ नाही. अकरा वर्षांनी बहिणीची चिठ्ठी आली, ती गिऱ्हाइकासारखी आली. पण खरं सांगते, मला राग आला नाही. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तर हसूच आलं. आईसुद्धा कापडाच्या दुकानात अशाच चिठ्ठ्या पाठवायची, जणू शब्द वारावर मोजून विकत आणलेत.

बटण आई होणार! एवढीशी होती म्हणून आईने तिचं नाव बटण ठेवलं, आणि आता तिच्याच पोटात एक बटण. तिला माझा आशीर्वाद सांग. सांगावासा वाटला तर.

दुपट्याचं म्हणशील तर काठावरच्या गोटाच्या पट्टीच्या चिंध्या झाल्यात. एक कोपरा चावून चावून मऊ पडलाय, तो बटणच्या पहिल्या दातांचा असणार. पिवळ्या चौकडीचा रंग साईसारखा झालाय. टिपांच्या उभ्या रेघा मात्र तेवीसच्या तेवीस जागेवर आहेत, एक टाका सुटलेला नाही. तू जपून वापरलंस.

आठवड्याचं काम आहे. जुना गोट अगदी अरुंद आहे, त्यामुळे लवकर फाटला. मी जरा रुंद घालीन, म्हणजे टिकेल. टिपांना हात लावणार नाही, निश्चिंत राहा.

फोन करत नाही. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

धाकटे,

आठवडा म्हटलं होतं, थोडा उशीर होतोय. आधी मनासारखं पिवळं मिळेना. तीन दुकानं पालथी घातली, एकाचं हळदीसारखं भडक, एकाचं फिकट. शेवटी मिळालं. तोवर मशीन बिघडली. पट्टा सैल पडलाय, कारागीर उद्या येतो म्हणून चार दिवस येत नाहीये. तू म्हणशील ताईची जुनी सवय, सबबी सांगायची. तसं नाही.

काल दुपटं टेबलावर पसरून नुसतीच बसले होते. तू कधी मशीनवर बसली नाहीस. लहानपणीच आईला सांगून टाकलंस, “मला आकडे आवडतात, दोरे नाही,” आणि गणिताची बाई झालीस. त्यामुळे दुपट्याला टीप कशी मारतात हे तुला माहीत नसेल. वरचं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. तिन्ही थर पिनांनी एकमेकांना धरून ठेवायचे. पहिली टीप बरोबर मधोमध. मग एक उजवीकडे, एक डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एकाच बाजूने मारत गेलं की कापूस दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि दुपटं तिरकं होतं. दोन टिपांत दोन बोटांचं अंतर. आणि प्रत्येक टीप काठाबाहेर जाऊन संपली पाहिजे, म्हणजे वरून गोट आला की टोकं त्याखाली जातात. दुपट्याच्या अंगावर कुठे गाठ नको. “बाळाला टोचते,” आई म्हणायची.

मला हे आईने बाराव्या वर्षी शिकवलं. शिकवताना ती गोड बोलली असं मुळीच नाही.

बटणची तब्येत कशी आहे ते कळवशील? एक ओळ पुरे. तुला तशीही एकच ओळ लिहिता येते.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा फोन येऊन गेल्याचं कळलं. मी दुकानात नव्हते. काजेवालीने उचलला, आणि तू मशीनचं विचारल्यावर ती काय बोलली ते तिनेच मला मोठ्या कौतुकाने ऐकवलं. “मी म्हटलं, मशीनला काय धाड भरलीय? सकाळपासून उशांचे अभ्रे शिवतेय तिच्यावर.” वर मलाच विचारते, “का बाई, बिघडली होती का?”

तर, नव्हती बिघडली. पिवळं कापडही पहिल्याच दुकानात मिळालं होतं. दोन्ही गोष्टी मी खोट्या लिहिल्या.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. काही विशेष नाही, वयाचं आहे. त्याचा आणि उशिराचा संबंध नाही.

खरं एवढंच आहे की मी गोट उसवला आणि त्यानंतर हात चालेना. नवा गोट कापून, दुमडून, इस्त्री करून ठेवलाय. रोज सकाळी काढते आणि रोज संध्याकाळी घडी घालून ठेवते. काजेवाली बघते आणि इस्त्री पुन्हा तापवून ठेवते.

मला थोडे दिवस दे. मार्चच्या मध्याला अवकाश आहे.

ताई

२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी आली. ‘जमत नसेल तर परत पाठवावे. इथे शेजारी एक शिंपी आहे, तो करील.’

तो करील. दहा मिनिटांत करील. आणि पहिल्या मिनिटाला तुला विचारील, “बाई, ह्या टिपा नंतर कुणी घातल्यात?” म्हणून त्याच्याआधी मीच सांगते.

ज्या टिपांना हात लावू नकोस असं तू लिहिलंस, त्या आईच्या नाहीत. त्या माझ्या आहेत. तेवीसच्या तेवीस.

खाली बसून वाच. मीही बसूनच लिहितेय.

बटण व्हायची होती तेव्हा मी आईला म्हटलं होतं, दुपटं मी शिवते. ती म्हणाली, “धाकटीच्या लेकराचं आहे, मीच शिवणार. तू कापड कापून दे.” तेव्हा सगळं दुकान मी चालवत होते. माझ्या हाताची टीप बघायला लांबून माणसं यायची. आणि मी काय करायचं, तर कापड कापून द्यायचं. दिलं.

तिच्या नजरेच्या मधोमध तेव्हा डाग आला होता. तिने आपल्याला सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. ती मान कलती करून बघायला लागली होती, आणि आपल्याला वाटायचं मान दुखत असेल. मी म्हटलं, चिकटपट्टी लाव, तिच्या कडेने टीप मार, मीसुद्धा लावते. “आयुष्यभर डोळ्याने शिवलं, आता पट्ट्या लावू?” असं म्हणाली आणि शिवलं. गोटसुद्धा हाताने घातला, इतके बारीक टाके की मला आजही जमणार नाहीत.

पण टिपा वाकड्या होत्या. कपडे वाळत घातल्यावर दोरी मध्येच खाली येते ना, तशा. एक टीप दुसरीकडे झुकलेली, तिसरी तिच्यापासून लांब पळालेली. आईने दुपटं हातभर लांब धरलं आणि म्हणाली, “बघ, आहे की नाही सरळ?” मी म्हटलं, “आहे.”

दुसऱ्या दिवशी ती तुझ्या बाळंतपणाला तुझ्याकडे आली. दुपटं धुऊन, इस्त्री करून मी मागाहून आणायचं ठरलं होतं. पुढच्या चार दुपारी दुकानाचं दार लोटून घेऊन मी ब्लेडने तिच्या सगळ्या टिपा उसवल्या. पट्ट्या लावल्या आणि नव्याने मारल्या. गोट काढायचं धाडस झालं नाही. तसा गोट मला पुन्हा घालता आला नसता, आणि ती लगेच ओळखती. म्हणून गोटापर्यंतच उसवलं आणि गोटापर्यंतच शिवलं. प्रत्येक टीप गोटाच्या अलीकडे थांबते आणि तिथे उलटसुलट तीन टाक्यांची गाठ आहे. शिवण येणाऱ्या कुणालाही ते दिसेल. तुला येत नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं की तुझ्या सासरची माणसं बघतील, हसतील, दुकानाचं नाव जाईल. ते निमित्त होतं. मला ते दुपटं माझं करायचं होतं. मला मूल नाही, आणि तुझ्या मुलीच्या अंगावर माझ्या हातचं काही असावं असं मला वाटत होतं. मागितलं असतं तर तू कदाचित दिलंही असतंस. मी चोरलं.

पुढचं तुझ्यादेखत झालं. तुझी मागची खोली, बटण आठ दिवसांची, तू पलंगावर. मी दुपटं आईच्या हातात दिलं. तिने मान कलती केली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्या रेघा कुणी वाकड्या केल्या?”

तू हसलीस. “आई, अगं फूटपट्टीसारख्या सरळ आहेत!”

आणि मी म्हणाले, “आई, तुझे डोळे गं.”

तिला आपल्या डोळ्यांचा संशय आधीपासून होता. मी तो पक्का केला. मग तिचा अंगठा टिपेवरून फिरत फिरत गोटापाशी आला आणि गाठीवर थांबला. दुसऱ्या टिपेवरून गेला, तिथेही थांबला. तिसऱ्या टिपेनंतर तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या कानाच्या बाजूला, कारण तिला तसंच बघावं लागायचं. म्हणाली, “असेल. डोळेच असतील.” आणि दुपटं बटणच्या पायाशी ठेवलं.

तिला कळलं होतं, धाकटे. तुझ्यासमोर तिने मला उघडं पाडलं नाही.

घरी आल्यावर तिने तिच्या मशीनवर चादर घातली आणि तिची कात्री माझ्या खणात ठेवली. “बस झालं,” एवढंच. पुढे चौदा वर्षं ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. चौदा वर्षं, धाकटे. नुसत्या आवाजावरून सांगायची, “दोरा ताणतोय, सैल कर,” आणि दोरा खरंच ताणलेला असायचा. मी तिला एकदाही म्हटलं नाही की ये, बस, वाकडी तर वाकडी, मार टीप. रोज म्हणता आलं असतं. एका दिवसाचं विसरले म्हणता येतं, चौदा वर्षांचं काय सांगू?

ती गेल्यावर चौथ्या दिवशी कपाट आवरताना तू म्हणालीस, “ताई, तूच तिला मशीनवरून उठवलंस.” तुला दुपट्याचं काही ठाऊक नव्हतं. तू मनातलं बोललीस आणि बरोबर बोललीस. मी किती तावातावाने म्हणाले, “मी तिला कधी ऊठ म्हटलंय? विचार कुणालाही!” कुणालाही विचारलं असतंस तरी मीच खरी ठरले असते. शब्दाने शब्द वाढला. मी तुला म्हणाले, तू वर्षातून दोनदा येऊन जाणारी पाहुणी, तुला काय कळतंय. तू सोबत आणलेलं दुपटं उचललंस आणि गेलीस. “आईची शेवटची शिवण माझ्याकडे आहे, मला बाकी काही नको,” हे दारातून म्हणालीस. तेव्हा मला बोलता आलं असतं.

आणि आताही बोलले नसते कदाचित. तो रुंद गोट आठवतोय ना, टिकेल म्हणून लिहिला होता? तो माझ्या गाठी झाकायला होता. अर्धं बोट रुंद घातला की झालं, मग कुठल्याही शिंप्याला काही दिसलं नसतं. कापून तयार आहे. अजून समोर पडलाय.

तुला जे बोलायचं ते बोल.

ताई

९ मार्च

धाकटे,

दहा दिवस तुझं काही आलं नाही. पोस्टमन दुकानावरून गेला की काजेवाली माझ्याकडे बघायची आणि मी सुईत दोरा ओवायचं सोंग करायची. काल आलं. एवढंच होतं: ‘मग आईची शिवण कुठे आहे?’

शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. पण तू विचारलंयस आणि त्याला उत्तर आहे. गोट उसवला त्या दिवशीच मी ते पाहिलं, म्हणून हात थांबला होता.

ती गोटाखाली आहे. मी गोटापर्यंतच उसवलं होतं ना? प्रत्येक टिपेची दोन टोकं गोटाखाली तशीच राहिली. वरच्या काठाला तेवीस, खालच्या काठाला तेवीस, नखाएवढी. चार-पाच टाक्यांची. दोऱ्याचा रंगसुद्धा तिथे ताजा आहे, ऊन लागलेलं नाही, धुण्यात झिजलेला नाही. माझ्या टिपा त्यांच्याशी जुळत नाहीत. कुठे बोटभर डावीकडे, कुठे उजवीकडे. आई कुठून निघाली आणि कुठे पोचली एवढं दिसतं. मधली वाट मी उसवून टाकली. सुईची भोकं शोधली, भिंग घेऊन शोधली. पंचवीस वर्षांच्या धुण्यात सगळी मिटलीत.

तू शाळेत शिकवतेस ना, दोन बिंदूंमधून एकच सरळ रेघ जाते? मीही पट्टी ठेवून पाहिलं. पण आईची रेघ तशी गेली नव्हती, आणि कशी गेली होती हे सांगणारं आता कुणी नाही.

आता डोळ्यांचं. वयाचं म्हणून लिहिलं तेही अर्धंच होतं. डॉक्टरांनी एक चौकटी आखलेला कागद दिला आणि म्हणाले, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात? मी म्हटलं, छपाई वाकडी झालीय. ते म्हणाले, “छपाई सरळ आहे.” आईचंच दुखणं आहे. इंजेक्शनं सुरू केलीत, बहुतेक आहे तिथे थांबेल म्हणतात. तुला सांगतेय ते कीव यावी म्हणून नाही. तूही एकदा तपासून घे, घराण्यात आहे म्हणून. आणि दुसरं असं की त्या दिवशी घरी येऊन मी दुपटं पसरलं आणि उजवा, म्हणजे चांगला, डोळा झाकून पाहिलं. माझ्या तेवीस टिपा, पट्टी लावून मारलेल्या, सगळ्या मध्ये वाकलेल्या दिसल्या.

म्हणजे आईला तेच दिसलं होतं, धाकटे. तिच्या स्वतःच्या टिपा तिला सरळ दिसत होत्या. तिला सरळ दिसतील अशाच तिने मारल्या होत्या. माझ्या तिला वाकड्या दिसल्या, म्हणून तिने विचारलं.

आज सकाळी मी मधल्या टिपेला ब्लेड लावलं. तू हात लावू नकोस म्हणाली होतीस ते आईच्या टिपांना. ही माझी होती. उसवली. वरच्या काठाला आईचं मधलं टोक जिथे थांबतं तिथे सुई टेकवली, खडू नाही, पट्टी नाही, उजवा डोळा झाकलेला, आणि खालच्या टोकाकडे निघाले. काजेवाली पाठीमागे उभी होती. अर्ध्यावर म्हणाली, “बाई, वाकडी चाललीय.” मी म्हटलं, “तू तुझी काजं बघ.” मला ती सरळ चाललेली दिसत होती. दिसली तशी मारली. खाली आईच्या शेवटच्या टाक्यात सुई पडायला हवी होती, ती दोराभर बाजूला पडली. ते दुरुस्त केलं नाही.

ही आईची रेघ नाही. तसं मी म्हणणारही नाही.

उरलेल्या बावीस तशाच आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. रुंद गोट मी काजेवालीला मशीन पुसायला देऊन टाकला. नवा आईच्या मापाने अरुंद कापलाय आणि कच्च्या टाक्यांनी नुसता टाचलाय. एका बाजूने ओढलास की सुटेल. आधी उचलून खालची टोकं बघ. बटणलाही दाखव. तिच्या आजीची शिवण तेवढीच आहे, तरी आहे. मग वाटलं तर मला बोलाव, मी येऊन पक्का घालून देईन, गाठ कुठे टोचणार नाही असा. नाही बोलावलंस तर शेजारच्या शिंप्याला दे. त्याने विचारावं असं आता काही उरलेलं नाही.

एकच राहिलं. त्या दिवशी तू हसलीस, ते आता मनाला लावून घेऊ नकोस. तुला रेघा खरंच सरळ दिसत होत्या, तू दिसलं ते बोललीस. आईने विचारलं ते मला विचारलं होतं. ह्या रेघा कुणी वाकड्या केल्या?

मी केल्या.

ताई